ठिणगी, पेट्रोल, दाब

चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण दाबून धरणारी घट्ट बंदिस्त जागा आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी एक जरी कमी पडली तरी इंजिन एक तर सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन नीट चालत नाही, आणि मोटरसायकलच्या इंजिनाविषयीच्या बहुतेक तक्रारी अखेरीस या तीनपैकी कोणत्या तरी एका उणिवेपाशी येऊन थांबतात. तत्त्व इतके साधे असूनही गॅरेजमध्ये आलेल्या गाडीचे निदान अनेकदा चुकते, याचे कारण असे की उणीव एका जागी असते आणि तिचे लक्षण भलत्याच जागी दिसते, शिवाय एकच लक्षण तिन्ही उणिवांतून निर्माण होऊ शकते. चुकलेल्या निदानाचा भुर्दंड मात्र मालकाला पडतो, आणि तोही मुळात धड असूनही बदलल्या गेलेल्या सुट्या भागांच्या रूपाने.

या विषयाचा विचार करण्यासाठी भारतात रुळलेले शंभर सीसीचे इंजिन सर्वांत सोयीचे ठरते. हिरो आणि होंडा यांच्या भागीदारीतून १९८५ साली आलेल्या सीडी १०० या गाडीत ९७.२ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन होते. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन ४९.५ मिलिमीटर अंतर वर-खाली करतो, त्यातून हा आकडा येतो. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरमध्ये हेच माप कायम राहिले, भागीदारी संपल्यानंतरही ते टिकले, आणि २०२० साली कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधन-पुरवठा आला तरी व्यास आणि पिस्टनची धाव बदलली नाही. त्यामुळे एकाच मापाच्या इंजिनावर जुनी आणि नवी अशा दोन्ही निदानपद्धती शेजारी ठेवून पाहता येतात. सीडी १०० च्याच काळात लोकप्रिय झालेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचे शास्त्र थोडे वेगळे आहे, कारण त्यांच्यात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळते आणि धूर हा बिघाड नसून स्वभाव असतो. त्यांचा विचार येथे बाजूला ठेवला आहे.

निदानाची सुरुवात तक्रारीच्या भाषेपासून होते. ‘गाडी मिसिंग मारते’, ‘पिकअप नाही’, ‘झटके देते’, ‘ॲव्हरेज पडले’, ‘रेस सोडली की बंद पडते’ या शब्दांत गिऱ्हाईक जे सांगते ते खरे असते, पण अपुरे असते. ‘मिसिंग’ म्हणजे काही फेऱ्यांमध्ये सिलिंडरातील मिश्रण न पेटणे. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला ५० वेळा ज्वलन व्हावे लागते, आणि त्यांतली चार-दोन जरी हुकली तरी बसणाऱ्याला हिसका जाणवतो. ती कशाने हुकतात हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. म्हणून अनुभवी मिस्त्री पहिला हात गाडीला न लावता आधी प्रश्न विचारतो. त्रास थंड इंजिनात होतो की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, टाकी भरलेली असताना की रिझर्व्हला आल्यावर, पावसानंतर सुरू झाला की सर्व्हिसिंगनंतर, या प्रश्नांची उत्तरे पाना न लावता निम्म्या शक्यता बाद करतात. त्यांतला शेवटचा प्रश्न विचारायला मिस्त्री कचरतात, कारण त्याचे उत्तर कधी कधी त्यांच्याच मागच्या कामाकडे बोट दाखवते. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालेला बिघाड हा बहुतेक वेळा नीट न बसवलेल्या पाइपाचा, सैल राहिलेल्या कपलरचा किंवा उलट्या बसलेल्या फिल्टरचा असतो.

तीन गोष्टींपैकी ठिणगी आधी तपासतात, कारण ती तपासणे सर्वांत सोपे असते. प्लग काढायचा, तो पुन्हा कॅपमध्ये बसवायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला टेकवायची आणि किक मारून पाहायचे. गॅरेजच्या भाषेत याला ‘करंट बघणे’ म्हणतात. यात दोन पथ्ये पाळावी लागतात आणि दोन्हींकडे सर्रास दुर्लक्ष होते. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, त्यामुळे प्लग त्या भोकापासून दूर टेकवावा लागतो. आणि प्लग हेडला न टेकवता किक मारली तर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवून कॉइलला वीज सोडणारी पेटी, बिघडू शकते. ठिणगी निळसर, जाड आणि दर वेळी एकाच जागी पडणारी असावी. ती पिवळी, बारीक किंवा इकडेतिकडे उडणारी असेल तर प्लग, कॅप, हाय टेन्शन वायर, कॉइल, सीडीआय आणि मॅग्नेटोतील पल्सर कॉइल अशी साखळी उलट्या दिशेने तपासत जावे लागते. साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वारंवार बिघडणारा भाग आधी तपासायचा, हा नियम येथे लागू होतो. त्याहून आधी किल स्विच तपासायचा, हे सांगायला नको असे वाटते. पण कोणाच्या तरी बोटाने बंद झालेल्या या लाल बटणापायी इंजिन खोलण्यापर्यंत गोष्टी गेल्याची उदाहरणे गॅरेजांमध्ये हसत हसत सांगितली जातात.

काढलेला प्लग ठिणगीबरोबरच आणखी एक साक्ष देतो. त्याच्या मधल्या चिनीमातीच्या नळीचा रंग फिकट कॉफीसारखा असेल तर मिश्रण आणि तापमान दोन्ही ठीक आहेत असे समजतात. कोरडी, काजळीसारखी काळी पूड साचली असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, हवा कमी आहे. एअर फिल्टर तुंबलेला असणे किंवा चोक अर्धवट ओढलेला राहणे ही त्याची नेहमीची कारणे होत. प्लग ओला आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल ज्वलनकक्षात पोहोचत आहे. नळी पांढरी पडली असेल आणि तिच्यावर बारीक फोड दिसत असतील तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे किंवा प्लगच चुकीच्या उष्णता-श्रेणीचा आहे. उष्णता-श्रेणी म्हणजे प्लगने आपली उष्णता हेडकडे किती वेगाने सोडावी याचे माप. एनजीके या कंपनीच्या क्रमांकात मोठा आकडा ‘थंड’ प्लग दाखवतो, तर बॉशच्या क्रमांकात मोठा आकडा ‘गरम’ प्लग दाखवतो, आणि ही उलटापालट ठाऊक नसलेल्या दुकानदाराने ‘आकडा तोच आहे’ म्हणून दिलेला प्लग महिनाभरात त्रास देऊ लागतो. मात्र प्लगचा रंग वाचायचा तर गाडी त्रासाच्याच अवस्थेत चालवून लगेच इंजिन बंद करावे लागते. गॅरेजच्या दारात पाच मिनिटे रेस देत उभ्या असलेल्या गाडीचा प्लग काळाच निघतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ठिणगी ठीक निघाली की पाळी येते पेट्रोलची. कार्ब्युरेटर हे उपकरण पंपाशिवाय आणि विजेशिवाय केवळ हवेच्या वेगावर चालते : पिस्टन खाली जाताना आत ओढली जाणारी हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तेथे तिचा वेग वाढून दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक भोकांमधून वर खेचले जाते. या भोकांना जेट म्हणतात. आयडलिंगला आणि थ्रॉटल किंचित उघडलेला असताना पायलट जेट काम करतो, मधल्या टप्प्यात निमुळती सुई, आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेट. लक्षण थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यावर येते यावरून कोणत्या वाटेत अडथळा आहे हे कळते, ही कार्ब्युरेटरच्या निदानातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. गाडी पळताना छान पळते पण सिग्नलला बंद पडते, तेव्हा मेन जेट साफ करण्यात अर्थ नसतो; दोष पायलट जेटमध्ये असतो, कारण त्याचे भोक सर्वांत बारीक असते आणि गाडी काही महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाऊन मागे राहणारा चिकट थर तेच भोक आधी बंद करतो. ते भोक तारेने किंवा सुईने मोकळे करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि ती वाईट आहे; पितळ मऊ असते, भोक किंचित मोठे होते आणि तेवढ्याने गाडीचे ॲव्हरेज कायमचे पडते. हवेचा दाब आणि कार्ब्युरेटर क्लीनर यांनी जे निघत नाही त्यासाठी नवा जेट बसवणे हेच स्वस्त पडते.

पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर बाराही महिने, पेट्रोलमध्ये पाणी सापडते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या आणि कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी बसते, आणि जेटचे तोंडही तेथेच असते. गाडी आचके देत चालते, बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून निघालेले पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरले तर तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे; तरीही अशा गाडीची कॉइल आधी बदलली जाते.

निदानाची खरी परीक्षा घेणारी एक तक्रार येथे सविस्तर पाहण्यासारखी आहे. गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते, पाच-सहा किलोमीटर व्यवस्थित चालते, मग ताकद कमी होत होत बंद पडते; दहा मिनिटे थांबले की जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होते आणि तेवढेच अंतर चालून पुन्हा थांबते. गॅरेजमध्ये ती कितीही वेळ उभी ठेवून चालवली तरी बंद पडत नाही, त्यामुळे मिस्त्रीला ती नेहमी शहाणीच दिसते. या वर्तनामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. पहिले कारण टाकीच्या झाकणात असते. कार्ब्युरेटरकडे पेट्रोल केवळ उतारावरून वाहते, आणि जेवढे पेट्रोल खाली जाते तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र ठेवलेले असते. ते धुळीने किंवा धुताना शिरलेल्या चिखलाने बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते, पेट्रोलचा प्रवाह हळूहळू आटतो आणि वाटी रिकामी झाली की इंजिन थांबते. थांबल्यावर झाकणाच्या कडेने हवा हळूहळू झिरपते, वाटी पुन्हा भरते. दुसरे कारण विजेचे असते. पल्सर कॉइल, हाय टेन्शन कॉइल किंवा सीडीआय यांच्या आतील तारेला सूक्ष्म तडा गेलेला असला तर थंड असताना तिची टोके जुळलेली राहतात, उष्णतेने प्रसरण होऊन ती सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात. उभ्या गाडीत पेट्रोल फार कमी लागते, त्यामुळे पहिले कारण दुकानात दिसत नाही. कॉइलचा दोषही अनेकदा रस्त्यावरचा भार आणि हादरे असल्याशिवाय उघड होत नाही.

ही दोन कारणे वेगळी करण्याची संधी गाडी बंद पडल्यावर केवळ पहिल्या मिनिटात मिळते, आणि ती मालकाच्याच हातात असते. त्या क्षणी टाकीचे झाकण उघडले असता हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी थोड्याच वेळात सुरू झाली, तर दोष झाकणाचा. आवाज आला नाही आणि तापल्या इंजिनावर प्लग काढून पाहिल्यावर करंट नाही असे दिसले, तर दोष विजेच्या साखळीत. बंद पडण्याच्या पद्धतीतही फरक असतो : पेट्रोल आटल्यावर गाडी आधी कुरकुरते, ताकद सोडते, चोक ओढल्यास क्षणभर सावरते, ठिणगी गेल्यावर ती बटण दाबल्यासारखी एकदम गप्प होते. अशा गाडीच्या मालकाला हे दोन प्रश्न विचारून, पुढच्या वेळी काय पाहायचे ते सांगून परत पाठवणारा मिस्त्री त्या दिवशी एक रुपयाही कमवत नाही, आणि म्हणूनच असे मिस्त्री कमी आहेत.

तिसरी गोष्ट दाबाची. पिस्टनने वर येताना मिश्रण सुमारे एक नवमांश आकारमानात दाबले पाहिजे, आणि त्यासाठी पिस्टनच्या रिंगा, दोन्ही व्हॉल्व्ह आणि हेडखालचे गॅस्केट यांपैकी कोणीही गळता कामा नये. किक नेहमीपेक्षा हलकी लागणे हे दाब गेल्याचे प्राथमिक लक्षण. खात्रीसाठी प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सुई स्थिर होईपर्यंत किक मारतात. थ्रॉटल बंद ठेवला तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच शिरत नाही आणि चांगले इंजिनही नापास होते. आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून चाचणी पुन्हा करतात. ऑइल रिंगा आणि सिलिंडर यांच्यातील फट तात्पुरती भरते. त्यामुळे आकडा ठळकपणे वाढला तर झीज रिंगा, पिस्टन किंवा सिलिंडरची आहे, आणि तो होता तेवढाच राहिला तर गळती व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून होते आहे. पहिल्या परिस्थितीत ब्लॉक उतरवावा लागतो, दुसरीत हेडच्या कामावर भागते, कधी कधी तेही लागत नाही. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. तो फरक ठरवणारी ही चमचाभर तेलाची चाचणी करणारी गॅरेजे मात्र थोडीच.

हेडचे कामही न लागण्याची परिस्थिती म्हणजे टॅपेट घट्ट होणे. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा रॉकर आर्म यांच्यात जाणूनबुजून थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. लहान इंजिनांत ही फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असते आणि ती फीलर गेज नावाच्या पातळ पोलादी पट्टीने मोजतात. मोजण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड असावे लागते. मॅग्नेटोवरची ‘टी’ ही खूण झरोक्यातल्या रेषेशी जुळवावी लागते, आणि ती जुळली तरी पिस्टन दाबाच्याच फेरीत आहे ना हे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावे लागते, कारण ही खूण धूर बाहेर टाकण्याच्या फेरीतही जुळते. काळाच्या ओघात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल बसत जातो आणि फट वाढण्याऐवजी कमी होते. ती संपली की तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, त्याच्या कडेवरून पेटते वायू निसटतात आणि कड जळते. सैल टॅपेट टिकटिक आवाज करतो आणि घट्ट टॅपेट गप्प असतो, त्यामुळे आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी टॅपेट आवश्यकतेपेक्षा आवळून देण्याची प्रथा पडली. गाडी शांत होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर हेडचे काम निघते.

धुराचेही असेच वाचन करावे लागते. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा, निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा, आणि थंडीतल्या सकाळी पहिली काही मिनिटे निघणारा पांढरा धूर केवळ पाण्याच्या वाफेचा. निळसर धूर रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना भसकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या रबरी सीलमधून ऑइल झिरपते आहे; चढावर रेस दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. सीलच्या किरकोळ किमतीत जे भागले असते त्यासाठी पूर्ण बोअर-पिस्टनचे काम सांगितले जाते ते या दोहोंतला फरक न पाहिल्यामुळे. सिलिंडर खरोखरच झिजला असेल तर तो लेथवर मोठा करून ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिलिमीटरने वाढीव मापाचा पिस्टन बसवतात. अशी झीज बहुतेक वेळा दोन कारणांनी लवकर येते : एअर फिल्टर काढून किंवा फाटका ठेवून चालवणे, आणि ऑइलची पातळी न पाहणे. या इंजिनात सगळे मिळून लिटरभराच्या आसपास ऑइल असते आणि तेच क्लच आणि गिअरही सांभाळते. त्यातले दोन-तीनशे मिलिलिटर जळून गेल्याचे डिपस्टिक न पाहणाऱ्याला कळतही नाही. मोटारीचे ऑइल यात चालत नाही, कारण त्यातील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे ऑइलात बुडालेला क्लच घसरतो आणि ‘इंजिनात दम नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे इंजिन ठणठणीत असते. डब्यावर जासो एमए हे मानक आहे ना, एवढेच पाहायचे असते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण-नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. इंधन इंजेक्शन भारतीय मोटरसायकलींना त्याआधीही नवे नव्हते. २००६ सालच्या ग्लॅमरमध्ये आणि २००७ सालच्या पल्सर २२० मध्ये ते होतेच, परंतु महागड्या आवृत्तीपुरते. आता शंभर सीसीच्या साध्या गाडीतही टाकीच्या आत विजेचा पंप असतो, तो साधारण तीन बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो, आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू हा छोटा संगणक ठरवतो. त्यासाठी तो क्रँकची स्थिती, थ्रॉटलचा कोन, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि इंजिनाचे तापमान सेन्सरकडून घेतो, आणि सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर पाहून स्वतःचा हिशोब दुरुस्त करत राहतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणाच्या जवळ राहिले तरच सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारा मौल्यवान धातूंचा जाळीदार भाग, आपले काम करू शकतो.

या बदलाने निदानाचा पुरावा कानापासून आणि बोटांपासून तारांमध्ये नेला, परंतु ठिणगी, पेट्रोल आणि दाब हा क्रम तसाच राहिला. मीटरवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की ईसीयूने एखादा दोष टिपून ठेवलेला असतो. तो स्कॅनर जोडून, आणि काही गाड्यांत दिव्याच्या लांब-आखूड लुकलुकण्यावरून, वाचता येतो. येथे जुन्या चुकीची नवी आवृत्ती जन्माला आली आहे. स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरचा दोष दाखवला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक दोषाच्या संकेताचा अर्थ एवढाच असतो की त्या सेन्सरकडून आलेले मोजमाप ईसीयूला पटले नाही. सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरत असेल, इनलेटच्या रबराला चीर पडली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल किंवा प्लगच मिसिंग मारत असेल, तर निर्दोष सेन्सरही वेगळेच मोजमाप पाठवतो आणि त्याचे ते मोजमाप खरे असते. नव्या सेन्सरनेही दिवा गेला नाही की ईसीयूवर संशय घेतला जातो, आणि तो गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे.

तपासायच्या गोष्टी वास्तविक साध्या आहेत. किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोन सेकंद पंपाची गूं अशी घरघर ऐकू येते; ती आली नाही तर फ्यूज, रिले, किल स्विच आणि गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर पाहायचा. बॅटरी उतरली असेल तर पंप आणि ईसीयू दोघेही उठत नाहीत, म्हणून अशी गाडी ढकलून सुरू करण्याचा जुना उपाय पुष्कळदा फसतो. कार्ब्युरेटरच्या काळात बॅटरी मेलेली गाडी किकवर वर्षभर चालत असे, ती सूट आता राहिली नाही. मिसिंगकडे दुर्लक्ष करणेही पूर्वीइतके स्वस्त नाही, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळवते. कपलरमधील पितळी टोकांवर चढलेला हिरवा गंज, उंदरांनी कुरतडलेली वायर, प्रेशर पंपाने इंजिन धुताना सेन्सरच्या सॉकेटमध्ये शिरलेले पाणी, हे या गाड्यांचे खरे नेहमीचे आजार आहेत, आणि ते स्कॅनरपेक्षा साध्या मल्टिमीटरने व डोळ्यांनी जास्त लवकर सापडतात. वर सांगितलेली ‘पाच-सहा किलोमीटरनंतर बंद पडण्याची’ तक्रारही नव्या रूपात टिकून आहे : झाकणातील छिद्राच्या जागी आता टाकीतली वाफ कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे, नेणारा पाइप दबला गेलेला असू शकतो, आणि कॉइलच्या जोडीला तापल्यावर मंदावणारा पंप संशयितांत आला आहे. टाकीचे झाकण उघडून पाहण्याची चाचणी मात्र आजही तीच.

इथेनॉलचे प्रमाण हा या क्रमात मिसळलेला नवा घटक आहे, आणि ऊस-साखरेच्या महाराष्ट्रात तो दुहेरी महत्त्वाचा आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि दोन-अडीच वर्षांत ते देशभर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला पूर्ण जळण्यासाठी वजनाने नऊपट हवा पुरते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक ओळखून जास्त पेट्रोल सोडते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र शुद्ध पेट्रोलसाठी मोजलेले असल्याने त्या गाडीत मिश्रण पातळ पडते, थंड इंजिन चोकशिवाय उठत नाही आणि इंजिन अधिक तापते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते; म्हणजे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते, आणि ॲव्हरेजमध्ये तेवढी घट पडली तर ती बिघाड म्हणून शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याहून जास्त घट पडली तर मात्र ब्रेक घासत नाहीत ना, चाकात हवा पुरेशी आहे ना, क्लच घसरत नाही ना, हे इंजिनाला हात लावण्यापूर्वी पाहावे. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. अर्धी टाकी घेऊन पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या निदानात टाकी रिकामी करणे ही म्हणूनच पहिली पायरी ठरते. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या आणि ओ-रिंगा इथेनॉलमध्ये फुगतात किंवा कडक होऊन तडकतात, त्यामुळे कार्ब्युरेटर ‘ओव्हर’ होण्याच्या, म्हणजे वाटी भरूनही पेट्रोल न थांबता सांडण्याच्या, तक्रारीत फ्लोटच्या सुईबरोबर तिची रबरी टोपीही पाहावी लागते.

या सगळ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजची जागा काय, हा प्रश्न तांत्रिक असण्यापेक्षा आर्थिक अधिक आहे. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारांत यांत्रिक सुटे भाग विपुल मिळतात, कंपनीचे मिळतात आणि तसेच दिसणारेही मिळतात. परंतु सर्किटचे नकाशे, सेन्सरची प्रमाण मोजमापे आणि कंपनीनिहाय स्कॅनर यांच्यापर्यंत बाहेरच्या मिस्त्रीची पोहोच मर्यादित राहिली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले आणि त्यात वाहन उद्योगालाही स्थान दिले. परंतु मॅन्युअलमधील तक्ता आणि मिस्त्रीचा मल्टिमीटर यांची गाठ पडण्याला पोर्टलपलीकडचे बरेच काही लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे ही सर्व साधने असतात, तरी तेथेही कामाचा हिशोब भाग बदलण्यावर बसवलेला असल्याने तपासणीचा वेळ बिलात वेगळा दिसत नाही. रक्त तपासणीचे पैसे निमूटपणे देणारा माणूस दोन तास खर्चून सापडलेल्या एका सैल कपलरचे पैसे द्यायला मात्र कां-कू करतो, आणि मिस्त्रीने तेवढ्याच पैशांत एक भाग बदलून दाखवला तर समाधानाने घरी जातो.

दुरुस्ती पूर्ण झाली हे ठरवण्याचीही एक रीत आहे. लक्षण ज्या परिस्थितीत येत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी लागते : थंड इंजिनाचा त्रास असेल तर गाडी रात्रभर ठेवून, चढावरचा असेल तर दोघे बसून चढावर, टाकीच्या छिद्राचा असेल तर पूर्वी बंद पडत होती त्यापेक्षा दुप्पट अंतर. बदललेले जुने भाग मालकाने मागून घ्यावेत, आणि एकापेक्षा जास्त भाग बदलले असतील तर संशयातला जुना भाग पुन्हा बसवून लक्षण परत येते का ते पाहण्याची विनंती करावी. जुना भाग बसवूनही गाडी सुरळीत चालली तर बिघाड दुसऱ्याच कुठल्या तरी भागात होता आणि बिलातली ही एक रक्कम अनाठायी होती, हे तेथल्या तेथे कळते.